आधी जिल्हा, मग महानगर

पदवी परीक्षेचा निकाल लागला आणि मुलाने किंवा मुलीने पत्रकार होण्याची इच्छा बोलून दाखविली, की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यप्रधान जिल्ह्यांतील वडीलधारी मंडळी, महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि ज्यांचे स्वतःचे केस याच व्यवसायात पिकले असे लोकही एकमुखाने एकच सल्ला देतात : येथे राहून काही व्हायचे नाही, मुंबई गाठ, ती न जमली तर पुणे, आणि तेही न जमले तर निदान नागपूर. या सल्ल्यामागच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो मायेपोटी दिलेला असतो आणि देणाऱ्याने आयुष्यभर सोसलेली उपेक्षाही पुष्कळदा त्यात मिसळलेली असते. परंतु त्याच्या बुडाशी जी समजूत आहे ती अशी, की पत्रकारिता ही महानगरात शिकावयाची आणि महानगरातच सिद्धीस जाणारी विद्या आहे, आणि जिल्हा हा तिला अधूनमधून वाघ, चकमक आणि कुपोषण पुरविणारा एक दूरचा मुलूख आहे. ही समजूत मला उथळ वाटते. आणि तिच्यापायी दरवर्षी या दोन जिल्ह्यांतील बुद्धिमान तरुण आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे भांडवल, त्याची किंमत कळण्याच्या आतच, टाकून देतात असे माझे मत आहे.

माझा सिद्धान्त आरंभीच स्पष्ट करतो. महानगरास जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. जाण्याचा क्रम चुकतो असे आहे. ज्याला या व्यवसायात काही टिकाऊ काम करावयाचे आहे त्याने पदवीनंतरची पहिली चारपाच वर्षे आपल्या जिल्ह्यातच काढावीत, तेथील दप्तर, भाषा आणि तंटे यांत पुरते मुरावे, आणि मग हातात एखादा पक्का प्रश्न घेऊन मुंबईस किंवा दिल्लीस जावे. मातीची ओढ, जन्मभूमीचे ऋण इत्यादी भावनांवर मी हा युक्तिवाद उभारलेला नाही. त्या भावना आदरणीय आहेत, पण त्यांच्या बळावर कोणाचे आयुष्य अडवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. युक्तिवाद आहे तो बातमी कशाची बनते या प्रश्नाचा.

१. समजुतीचा उगम

मराठी पत्रकारिता महानगरात जन्मली हे खरे. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर कोकणातून मुंबईस आले आणि ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' काढले. पोंभुर्ल्यात राहून ते त्यांना काढता आले नसते. कारण छापखाना मुंबईस होता, टपालाची सोय मुंबईस होती, वर्गणी भरू शकणारा सुशिक्षित वाचक मुंबईस होता, आणि ज्या सरकारला चार शब्द ऐकवावयाचे त्याची कचेरीही तेथेच होती. ही चार कारणे त्या काळी इतकी प्रबळ होती की, पुढे शतकभर पत्रकारिता आणि शहर यांचे नाते निसर्गसिद्ध वाटू लागले, आणि एका विशिष्ट काळाच्या यंत्रसामग्रीने घातलेली अट हाच व्यवसायाचा धर्म ठरला.

तरीही त्या काळातसुद्धा अट मोडणारे निघाले. नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यात राहून मुकुंदराव पाटील यांनी सत्यशोधक विचाराचे 'दीनमित्र' १९१० पासून अर्धशतकाहून अधिक काळ चालविले. शेतकऱ्याचे कर्ज, सावकारी, भिक्षुकशाही यांविषयी त्यांनी जे लिहिले ते पुण्याच्या एखाद्या वाड्यात बसून लिहिता आले नसते, कारण ज्यांच्याविषयी लिहावयाचे ते लोक त्यांच्या दारात बसलेले असत. हे उदाहरण आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. त्यातून जो निष्कर्ष निघतो तो मात्र कोणी काढीत नाही.

आज त्या चार कारणांपैकी तीन उरलेली नाहीत. छापखान्याची सक्ती संपली. टपालाची जागा प्रत्येकाच्या खिशातील यंत्राने घेतली. आणि वाचक म्हणाल तर तो आता सिंदेवाहीस आणि आरमोरीसही आहे. चौथे कारण, म्हणजे सत्तेची कचेरी, अद्याप शिल्लक आहे. त्याचा विचार आक्षेपांच्या ओघात करू.

२. बातमीचे द्रव्य

बातमी घटनेने सुरू होते, पण ती घटनेची बनलेली नसते. ती बनते दाखल्यांची, हक्कांची, जबान्यांची आणि जुन्या तंट्यांची. आणि हे द्रव्य ज्या ठिकाणी साठलेले असते त्या ठिकाणी दीर्घकाळ राहिल्याखेरीज ते हाती लागत नाही.

एक प्रसंग जवळून पाहू. चैत्राच्या सुमारास ब्रह्मपुरी किंवा सिंदेवाही तालुक्यातील एखादी बाई उजाडण्यापूर्वी टोपली घेऊन मोह वेचावयास निघते, कारण फुले रात्री आणि पहाटे गळतात आणि उशीर झाला तर जनावरे खाऊन टाकतात. ती वाकलेली असताना वाघ तिच्यावर झडप घालतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी येतात : गावाचे नाव, बाईचे नाव आणि वय, वनविभागाचे पथक घटनास्थळी, ग्रामस्थांत संताप. महानगरातील उपसंपादकाच्या दृष्टीने बातमी येथे पुरी झाली. जिल्हा जाणणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती येथून सुरू होते. प्रेत कोणत्या कक्ष क्रमांकात सापडले? तो कक्ष राखीव वनाचा, की ग्रामसभेला सामूहिक वनहक्कात मिळालेल्या क्षेत्राचा, की वनविकास महामंडळाच्या ताब्यातला? पंचनामा किती वाजता झाला आणि पंच म्हणून सह्या कोणाच्या आहेत? त्या नियतक्षेत्रात वनरक्षकाची जागा भरलेली आहे की रिकामी? गावाजवळचे मोह कोणी तोडले, म्हणून बाईला इतके आत जावे लागले? मोबदल्याच्या मिसलीत वारस दाखला अडला आहे काय, आणि अडला असल्यास कोणाच्या टेबलावर? या प्रश्नांपैकी एकही प्रश्न ज्याने तलाठ्याची आणि वनपरिक्षेत्राची कचेरी नांदती पाहिलेली नाही त्याला सुचणार नाही. आणि हे प्रश्न ज्याला सुचत नाहीत त्याची लेखणी कितीही सफाईदार असली तरी तो चार ओळींच्या पलीकडे जाणार नाही.

दुसरे उदाहरण सर्वश्रुत आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्यास वनखाते तयार होईना. कारण जुन्या वनकायद्याच्या व्याख्येत बांबू हा वृक्ष होता आणि २००६ च्या कायद्यात तो गौण वनोपज होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यास येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा देशभरची वृत्तपत्रे जागी झाली. वस्तुतः या घटनेची बातमी कित्येक वर्षे तयार होत होती. कागद गिरणीला बांबू देणारे करार, जमीनदारी व मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा झालेली जंगले, वाजिब-उल-अर्जात आणि निस्तार पत्रकात नोंदलेले आणि पुढे विसरले गेलेले गावाचे हक्क, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या अभ्यासगटातील न संपणाऱ्या चर्चा, हे सारे ज्याने पाहिले वाचले होते त्यालाच परवान्याच्या त्या लहानशा पुस्तकाचे वजन कळू शकत होते. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' लिहिले ते बातमीदार म्हणून नव्हे. आणि हा मोठा वृत्तान्त मुख्यतः एका साहित्यिक-समाजशास्त्रज्ञाच्या हातून आपल्यापर्यंत यावा, याचा विचार पत्रकारितेने करावयास हवा.

निस्ताराप्रमाणेच माजी मालगुजारी तलावांचे आहे, ज्यांना सारा झाडीपट्टीचा मुलूख मामा तलाव म्हणतो. धानाच्या बांधीला पाणी कोणी कधी सोडावयाचे, गाळ कोणी काढावयाचा, मासेमारीचा ठेका ढिवरांच्या संस्थेकडे की बाहेरच्या कंत्राटदाराकडे, अशा प्रत्येक प्रश्नाला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बहुतांशी गावच्या स्मरणात व तहसिलीच्या बस्त्यांत पडून आहे. तो वाचण्यास वय वर्षे एकवीस ते पंचवीस यांच्याइतका अनुकूल काळ दुसरा नाही. त्या वयात माणसाजवळ वेळ असतो, सायकलवर किंवा जुन्या मोटारसायकलवर हिंडण्याची ताकद असते, आणि अज्ञान कबूल करण्याची लाज अजून जडलेली नसते.

३. भाषा

या दोन जिल्ह्यांत मराठी ही एक भाषा आहे, एकमेव नव्हे. भामरागडास माडिया, कुरखेडा-धानोऱ्यास गोंडी, सिरोंच्यास तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांना झाडीबोली. दिवाळीनंतर वडशाहून जी नाटके गावोगाव निघतात त्यांत ती झाडीबोली हजारो लोक रात्रभर ऐकतात. पण त्याच लोकांच्या तोंडची वाक्ये बातमीत येतात तेव्हा ती प्रमाण मराठीत धुऊन, इस्त्री करून येतात आणि बोलणाऱ्याचा राग, त्याचा तिरकसपणा, त्याची शंका वाटेतच गळून पडते.

माडिया किंवा गोंडी न जाणणारा बातमीदार दुभाष्यावर अवलंबून असतो, आणि संघर्षाच्या मुलखात दुभाषी हा कोणाचा तरी माणूस असतो : पोलिसांचा, कंत्राटदाराचा, पुढाऱ्याचा किंवा निदान ज्याला उद्या याच गावात राहावयाचे आहे असा भ्यालेला. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूरच्या पोलीस-नक्षलवादी चकमकीनंतर इंद्रावतीच्या पात्रातून प्रेते निघत गेली आणि मृतांचा आकडा ४० वर गेला; त्याच सुमारास गट्टेपल्ली गावचे आईबाप आपली मुले घरी परतली नाहीत असे सांगत होते. त्या आईबापांच्या म्हणण्याची छाननी करावयाची, ते खरे असेल तर ठामपणे आणि खोटे असेल तर तितक्याच ठामपणे लिहावयाचे, तर त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता यावयास पाहिजे. बहुतेकांना ते येत नव्हते, म्हणून आकडे छापले गेले आणि माणसे छापली गेली नाहीत.

गोंडीत बातमी सांगता येते हे आपल्या शेजारीच सिद्ध झालेले आहे. बीबीसीत काम केलेले शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगढात 'सीजीनेट स्वर' सुरू केले, ज्यात आदिवासी माणूस आपल्या साध्या दूरध्वनीवरून आपल्या भाषेत आपली तक्रार नोंदवू शकत होता. महाराष्ट्राच्या बाजूला गोंडी बोलणारे सुशिक्षित तरुण आज थोडे नाहीत. त्यांतला जो पत्रकार होऊ पाहतो त्याला आपण प्रथम सांगतो काय, तर मुंबईस जा, आणि जमल्यास उच्चार सुधारून घे.

४. अंतराने काय होते

असे म्हटले जाते की, जिल्ह्याची बातमी जिल्ह्यातच राहते, म्हणून माणसाने बाहेर पडावे. या विधानाचा पूर्वार्ध दुर्दैवाने खरा आहे. गेल्या तीन दशकांत मोठ्या दैनिकांनी जिल्हावार पाने आणि पुरवण्या काढल्या. त्यामुळे गावोगावच्या लोकांची नावे छापली जाऊ लागली, हा लाभ झाला. पण त्याच वेळी गडचिरोलीची बातमी गडचिरोलीच्या पानात बंदिस्त झाली आणि नागपूरच्या वाचकाच्याही दृष्टीआड गेली, मग मुंबईचे नावच नको. आवृत्तीची हद्द ही जिल्ह्याच्या हद्दीपेक्षा कडक ठरली. जे काही हद्द ओलांडून जाते ते ठरीव साच्यांचे : चंद्रपूर म्हणजे ताडोबाचा वाघ आणि महाऔष्णिक वीजकेंद्राची राख, गडचिरोली म्हणजे नक्षलवादी, दारूबंदी आणि हेमलकसा.

या साच्यांत खोटे काही नाही, अपुरेपणा मात्र पुष्कळ आहे, आणि परिस्थिती पालटली की अपुरेपणाचे रूपांतर असत्यात होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने सुमारे ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. १९८० पासून चाललेल्या एका पर्वाचा तो शेवट असो वा नसो, येथून पुढे या जिल्ह्याची मुख्य बातमी बंदुकीपेक्षा जमिनीच्या कागदांत अधिक सापडणार आहे हे उघड आहे : सुरजागडची लोहखाण आणि तिचा विस्तार, कोनसरीचा पोलाद कारखाना, खनिजाच्या ट्रकांखाली खचणारे रस्ते, ग्रामसभांचे ठराव आणि त्यांच्या खरेपणाविषयीचे वाद, संपादनाचा मोबदला. चकमकीच्या दुसऱ्या दिवशी विमानाने नागपुरास येऊन संध्याकाळपर्यंत वृत्तान्त पाठविता येत असे. ग्रामसभेचा एखादा ठराव खरा की बनावट हे तसे ठरविता येत नाही. ज्या प्रकारच्या पत्रकाराची आता गरज पडणार आहे तो महानगरात तयार होत नाही.

जागा लहान म्हणून बातमी लहान, या मताचे खंडन आमच्याच जिल्ह्याने फार पूर्वी केलेले आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे जो उठाव झाला आणि त्यानंतर लष्कराने तेथील स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांची चौकशी मध्यप्रांत सरकार करीना. आचार्य भन्साळी यांनी त्यासाठी ६३ दिवसांचे उपोषण केले. सरकारने त्या बातम्यांवर बंदी घातली. आणि त्या बंदीच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये देशातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस प्रकाशन बंद ठेवले. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातील एका गावाखातर, जेथे तेव्हा रेल्वेही नव्हती, देशातली छापखान्यांची चक्रे थांबली. ती का थांबली? चिमूरच्या घराघरांत जाऊन बायकांच्या जबान्या घेतल्या गेल्या होत्या, नावनिशीवार माहिती जमली होती, म्हणून सरकारी इन्काराला आव्हान देण्यास काही तरी भक्कम हाती होते. ते जमविण्यास बाहेरून माणसे जावी लागली, ही त्यातील उणीव मला आजही बोचते.

५. आक्षेप

*पोटाचे काय?* हा सर्वांत जड आक्षेप आहे, म्हणून त्याला प्रथम आणि अधिक जागा देतो. तालुका प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्या माणसास बहुधा वेतन नसते. नाममात्र मानधन असते आणि जाहिरातींवरचे कमिशन असते. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या पुरवण्यांसाठी ज्याच्याकडून जाहिरात आणावयाची त्याच सरपंचाच्या, कंत्राटदाराच्या आणि आश्रमशाळेच्या संस्थाचालकाच्या विरुद्ध त्याने लिहावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. ती भ्रष्ट आहे असे म्हणणे सौम्य होईल. ती बातमी जन्मण्यापूर्वीच तिचा गळा दाबते. श्रमिक पत्रकारांचा कायदा १९५५ मध्ये झाला, मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. परंतु तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत त्यांतले काय पोहोचले हे कोणत्याही तहसिलीच्या गावी जाऊन विचारावे.

हे सर्व मान्य करूनही मी म्हणतो की, या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष स्थलांतराचा नाही. महानगरातील पहिली नोकरी म्हणजे काय ते पाहा. बिनपगारी किंवा अत्यल्प पगाराची उमेदवारी, मग एखाद्या वाहिनीच्या डिजिटल डेस्कवर रात्रपाळीत बसून दुसऱ्यांनी दिलेल्या बातम्या फिरविणे, मथळे चटकदार करणे, आणि कॉट बेसिसवर घेतलेल्या जागेचे भाडे भरण्यासाठी घरून पैसे मागविणे. दोन्हीकडे पहिली पाच वर्षे ओढगस्तीची आहेत. फरक असा, की एका ठिकाणच्या ओढगस्तीत माणसाजवळ काही साठत जाते आणि दुसऱ्या ठिकाणी तो बदलता येण्याजोगा नग होतो, कारण त्याच्यासारखी मथळा करणारी माणसे आणखी शेकड्यांनी दारात उभी असतात. तेव्हा जो जिल्ह्यात राहील त्याने जाहिरातीचे काम स्वीकारूच नये. शिकवणी करावी, भाषांतरे करावीत, घरची शेती पाहावी, निरनिराळ्या नियतकालिकांना सुटे लेख द्यावेत, पण ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याच्याकडून पैसा घेऊ नये. हे कठीण आहे. घरचा आधार नसलेल्यास ते कदाचित अशक्यही असेल, आणि तशा तरुणास मी दोष देणार नाही. मात्र त्याच्या अडचणीचा दाखला देऊन ज्यांना घरचा आधार आहे त्यांनीही निघून जावे, हे मला पटत नाही.

*धोका.* इंद्रावतीच्या पलीकडे, छत्तीसगढच्या बिजापूर जिल्ह्यात, 'बस्तर जंक्शन' चालविणारे तरुण पत्रकार मुकेश चंद्राकर यांचा जानेवारी २०२५ च्या आरंभी खून झाला. रस्त्याच्या कामातील गैरव्यवहार उघड झाल्यानंतर एका कंत्राटदाराच्या आवारातील टाकीत त्यांचे प्रेत सापडले. हेच मुकेश चंद्राकर २०२१ मध्ये नक्षलवाद्यांनी धरून नेलेल्या जवानाची सुटका करून आणणाऱ्यांत होते, आणि ते त्यांना साधले ते स्थानिक असल्यामुळेच. स्थानिक पत्रकाराचे बळ आणि त्याचा धोका एकाच मुळातून येतात. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी २०१७ चा कायदा आहे. पण एकट्या माणसास कायद्यापेक्षा सोबत अधिक राखते. तालुक्यातालुक्यांतील चारसहा जणांनी एकच विषय एकाच दिवशी निरनिराळ्या ठिकाणी प्रसिद्ध करण्याची रीत पाडली, तर एकाला गप्प करून काही साधत नाही हे संबंधितांच्या ध्यानी येईल. एकाकी राहून धाडस करावे असा उपदेश मी कोणाच्याही मुलास करणार नाही.

*निर्णय तर मुंबईतच होतात.* होतात, आणि हेच ते शिल्लक राहिलेले चौथे कारण. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी १ एप्रिल २०१५ पासून लागू करण्याचा निर्णय मुंबईत झाला आणि २०२१ मध्ये ती उठविण्याचा निर्णयही मुंबईतच झाला. पण निर्णयाची बातमी आणि निर्णयाच्या परिणामाची बातमी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी मंत्रालयात आधीच पत्रकारांची दाटी आहे आणि ती सर्वांना एकाच पत्रकातून मिळते. दुसरीसाठी बंदीच्या सहा वर्षांत मोहाच्या हातभट्टीचे काय झाले, बाहेरची दारू कोणत्या नाक्यावरून आली, सावलीच्या आणि मूलच्या बायकांचे घरखर्चाचे गणित कसे पालटले, हे वर्षानुवर्षे पाहिलेला माणूस लागतो. खुद्द मंत्रालयातही अधिकाऱ्यास अडचणीत टाकणारा प्रश्न तोच विचारू शकतो, ज्याने त्या फाइलीचा जिल्ह्यातला आरंभ पाहिलेला असतो.

*पी. साईनाथ यांचे काय?* ते मुंबईच्या 'ब्लिट्झ'मधून निघाले आणि मग १९९३ पासून देशातील दरिद्री जिल्ह्यांत हिंडले, म्हणजे शहर आधी आणि जिल्हा नंतर, हा क्रमही फळतो असे कोणी म्हणेल. फळतो, पण क्वचित. आणि तो फळण्यासाठी त्यांना चालू नोकरी आणि पद सोडावे लागले, जे घरभाडे आणि हप्ते मागे लागलेल्या पस्तिशीतल्या माणसाला सहसा जमत नाही. परत येणार म्हणून गेलेले किती परत आले, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते आठवून पाहावे.

*ज्यांना गाव जगू देत नाही त्यांनी काय करावे?* येथे माझ्या सिद्धान्ताची मर्यादा येते आणि ती मी मोकळेपणाने मान्य करतो. डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' १९२० मध्ये मुंबईत निघाले. एखाद्या खेड्यात ते निघू दिले गेले नसते. ज्या दलित तरुणाने आपल्या गावच्या मातब्बरांविरुद्ध लिहिले तर त्याच्या आईची मजुरी बंद होते, ज्या मुलीस संध्याकाळनंतर तहसिलीच्या गावी थांबण्याची मुभा घरचे देत नाहीत, त्यांच्यासाठी शहर ही प्रथम सुटका आहे आणि मग व्यवसायाची जागा. त्यांनी अवश्य जावे. माझे म्हणणे त्यांना लागू करणे अन्याय होईल. एवढेच सुचवावेसे वाटते, की आपला तालुका सोडून शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी राहूनही कधी कधी तेवढीच मोकळीक मिळते आणि दप्तर व भाषा हातची जात नाहीत.

६. केव्हा जावे आणि काय घेऊन

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे उदाहरण आपल्याकडे फार दिले जाते. पण त्यातील जो भाग या विषयाला लागू पडतो तो सांगितला जात नाही. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून ते १९८६ मध्ये गडचिरोलीस आले हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधी वर्ध्याजवळच्या खेड्यांत काम करून, तेथे उत्तर न मिळालेले प्रश्न घेऊन ते बॉल्टिमोरला गेले होते, हे विसरले जाते. खेडे, मग महानगर, मग पुन्हा खेडे, असा तो क्रम होता. त्यामुळे तेथे जे शिकले ते काम आले, आणि गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात अर्भकांविषयी केलेले त्यांचे संशोधन १९९९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'ला छापावेसे वाटले. स्थळ लहान होते, मोजमाप चोख होते.

पत्रकाराचेही असेच होऊ शकते. चारपाच वर्षांत एका तरुणाने तीन गोष्टी साधल्या तर पुरे आहे : एक स्थानिक भाषा बोलण्याइतकी यावी, वनहक्क, पेसा आणि महसूल यांपैकी एका विषयाचे कागद तलाठ्यापासून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत वाचता यावेत आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज असा लिहिता यावा की त्याला उडवाउडवीचे उत्तर देता येणार नाही, आणि एका प्रश्नाचा आरंभापासून अखेरपर्यंत, हंगामामागून हंगाम, पाठपुरावा केलेला असावा. तेंदूच्या फळीवर एक पूर्ण मे महिना बसून सत्तर पानांचा पुडा कसा मोजला जातो, बोनस कोणत्या ग्रामसभेच्या खात्यात आला आणि कोणत्या ग्रामसभेत कंत्राटदार पैसे बुडवून पसार झाला, एवढे जरी त्याने नीट लिहिले, तरी ते मुंबईच्या कोणत्याही संपादकासमोर ठेवण्यास त्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. त्यानंतर तो मुंबईस गेला तर उमेदवार म्हणून जाणार नाही. ज्याच्याजवळ दुसऱ्या कोणाजवळ नसलेले काही आहे असा माणूस म्हणून जाईल, आणि तेथे शिकावयाचे ते, म्हणजे आकडेवारीची छाननी, कंपन्यांची कागदपत्रे, कायद्याची बारीक कलमे, चित्रण आणि संपादन, वेगाने शिकेल. कारण ते कशावर चालवावयाचे हे त्याला आधीच ठाऊक असेल.

यासाठी संस्थांनीही काही करावयास हवे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठीच स्थापन झाले. त्याच्या कक्षेत पत्रकारितेचे जे शिक्षण दिले जाते त्यात स्टुडिओतील निवेदनाइतकेच स्थान निस्तार पत्रक, सामूहिक वनहक्काचा दावा आणि जनसुनावणीचे इतिवृत्त वाचण्यास मिळावे. गोंडी किंवा माडियाची परीक्षा सक्तीची असावी. आणि पदवीचा शेवटचा सहामाही काळ विद्यार्थ्याने भामरागड, कोरची, जिवती किंवा सिरोंचा यांपैकी एका तालुक्यात काढावा, तोही शक्यतो पावसाळ्याचा, म्हणजे पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेल्यावर आठवडाभर रेशन, औषध आणि बाळंतीण यांचे काय होते ते त्याला स्वतः पाहून लिहिता येईल. नागपूरच्या दैनिकांनी अशा दहा जणांना दोन वर्षे जाहिरातीचे लक्ष्य न देता नुसते मानधन द्यावे. त्याचा खर्च एखाद्या वर्धापनदिनाच्या समारंभाहून अधिक होणार नाही.